रिकाम्या टाकीचा खेळ

माझा स्वभाव दुकानदारीला लायक नाही, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. पनवेलच्या बाजारात माझं फिश टँकचं दुकान आहे. काचेच्या टाक्या, पंप, फिल्टर, रंगीत दगड आणि अर्थातच मासे. रविवारी संध्याकाळी कामोठ्याहून, कळंबोलीहून माणसं येतात. सोबत हट्टाला पेटलेलं मूल असतं आणि टाकी, पाणी, मासे सगळं त्याच संध्याकाळी घरात मांडून हवं असतं. मी म्हणते, टाकी आज न्या, पाणी भरा, फिल्टर चालू ठेवा आणि मासे न्यायला दीड महिन्याने या. मग गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं, जणू मी त्याला वरण आज आणि भात दिवाळीत वाढणार आहे. ते तडक दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या दुकानात जातं, डझनभर मासे घेतं आणि पुढच्या रविवारी उरलेल्या दोघांना पिशवीत घालून माझ्याकडे येतं. म्हणतं, बघा ना हो ताई, काय झालंय यांना.

काय झालंय ते मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगू शकेन. मासा ज्या पाण्यात खातो त्याच पाण्यात घाण करतो आणि ती घाण त्याला विषासारखी असते. त्या घाणीवर जगणारे जिवाणू असतात. ते दगडांवर, फिल्टरच्या स्पंजवर हळूहळू वाढतात, त्यांचा एक तपकिरी, बुळबुळीत थर बसतो. तो बसायला महिना-दीड महिना जातो. एकदा बसला की टाकी स्वतःची स्वतः साफ राहते. पण आपल्याकडे बुळबुळीत काही दिसलं की हात शिवशिवतात. घासणी येते, भांड्यांचा साबण येतो, टाकी लख्ख होते आणि चार दिवसांत मासे पोट वर करून तरंगतात. आळशी माणसाच्या घरी मासे मेल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. मरतात ते टापटिपीच्या घरांत. दिवाळीच्या आधी आठ दिवस साफसफाई चालते ना, त्यानंतरचा आठवडा माझ्या दुकानात सुतकाचा.

हे मी गोड शब्दांत सांगायला हवं, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. मला ते जमत नाही. मी एकदा एका गृहस्थांना मासे विकायला चक्क नकार दिला होता, कारण त्यांनी टाकीत थोडं डेटॉल टाकलं तर चालेल का, असं विचारलं होतं.

अशात इथल्याच एका शाळेने माझ्याकडून चार फुटी टाकी घेतली. शाळेच्या दारातून आत गेलं की मोठा दालनासारखा भाग आहे, तिथे ती ठेवली. टाकीच्या कोपऱ्यावर माझ्या दुकानाचा स्टिकर होता आणि मुलांना सोडायला येणारे सगळे आईबाप तो वाचणार म्हणून मी खुशीत होते. पहिले मासे महिनाभराने मेले. फोन आला, मी दुसरे पाठवले. तेही गेले. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा पाठवले. जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात चौथा फोन आला, तेव्हा मी दुकान नवऱ्याच्या गळ्यात घातलं आणि स्वतः गेले.

टाकी आरशासारखी चमकत होती. मी झाकण उचललं आणि आतून लिंबाचा वास आला. भांड्यांच्या साबणाचा. मुख्याध्यापिका शेजारीच उभ्या होत्या, नव्या मुलांचे पालक रांगेत होते. त्या मोठ्या कौतुकाने म्हणाल्या, "आमच्याकडे हलगर्जीपणा नाही हं. मावशी दर महिन्याला टाकी रिकामी करून घासतात. दगडसुद्धा एकेक धुतात. तरी तुमचे मासे टिकत नाहीत."

इथे एखादी शहाणी बाई हसली असती आणि मॅडमना बाजूला घेऊन दोन गोष्टी बोलली असती. मी सगळ्या पालकांसमोर म्हणाले, "मॅडम, माझे मासे आजारी नव्हते. तुम्ही मारलेत ते. चारदा."

मॅडमच्या चेहऱ्यावरचं कौतुक पुसलं गेलं. त्या अतिशय शांतपणे म्हणाल्या, "तुमची टाकी घेऊन जा. या जागी आम्ही बक्षिसांचं कपाट ठेवू."

मला त्या क्षणी कळलं, मी काय करून बसले ते. प्रश्न एका टाकीचा नव्हता. तीनशे-चारशे आईबापांना आता एवढंच लक्षात राहणार होतं की त्या दुकानातले मासे मरतात आणि वर ती बाई भांडते. टाकी तिथून हलली असती तर मला बाजारात तोंड दाखवायला जागा उरली नसती. खरं सांगायचं तर मला त्याहून जास्त राग वेगळ्याच गोष्टीचा होता. मी खरं बोलत होते आणि तरीही हरणार होते.

मी आवाज खाली आणला. म्हटलं, "मला दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत वेळ द्या. तोवर या टाकीत चौदा मासे असतील. सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या सकाळी एक जरी कमी भरला, तर टाकी मी माझ्या खर्चाने उचलेन आणि परत या दारात येणार नाही."

"आणि माझ्याकडून काय हवं?"

"टाकीला मी सांगेन तेव्हाच हात लावायचा. आणि पाचवीचा एक वर्ग, आठवड्याला एक तास."

"तास कशाला?"

"टाकी सांभाळायला माणसं लागतील. मोठी माणसं माझं ऐकत नाहीत."

त्या हो म्हणाल्या. मला वाटतं, मी हरताना बघायची त्यांना थोडी उत्सुकता होती. त्यांच्या जागी मी असते तर मलाही असती.

घरी येईपर्यंत माझी मस्ती उतरली होती. चाळीस मुलांना मी काय सांगणार होते? जे पंधरा वर्षं काउंटरवर सांगतेय तेच? पहिल्या पाच मिनिटांत अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघायला लागला असता. सांगून उपयोग नव्हता. त्यांच्या हातून एकदा मासे मरायला हवे होते. खरे नाही, खोटे. म्हणून मी खेळ करायला बसले.

टाक्यांच्या पॅकिंगचा पुठ्ठा दुकानात पोत्याने असतो. त्यावर मी वाटोळा रस्ता आखला, त्यात घरं पाडली. प्रत्येक घर म्हणजे टाकीच्या आयुष्यातला एक दिवस. कुठे "पाहुण्यांनी बिस्किट टाकलं", कुठे "लाइट गेले, पंप बंद", कुठे "बाजार: हवा तर मासा घ्या". प्रत्येक खेळाडूपुढे एका टाकीचं चित्र. कागदाचे रंगीत मासे कापले. त्या तपकिरी थरासाठी शिंप्यांना सामान पुरवणाऱ्या दुकानातून तपकिरी बटणं आणली. नियम सोपा होता: एका माशाला दोन बटणं. टाकीत बटणं कमी आणि मासे जास्त झाले की पुढच्या फेरीत एक मासा काळ्या डबीत. बटण मिळायचं फक्त थांबल्यावर. म्हणजे आपली पाळी आली की फासा टाकायचा नाही, एक फेरी गप्प बसायचं आणि एक बटण घ्यायचं.

खेळून बघायला घरात एकच रिकामा माणूस होता, माझे वडील. ते उरणकडच्या किनाऱ्यावरचे, जन्म दर्यावर गेला. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा होडी माझ्या भावाच्या हवाली केली आणि कामोठ्याला माझ्याकडे राहायला आले. लिफ्टमध्ये चढायला त्यांना अजून भीती वाटते, वादळात समुद्रावर गेलेल्या माणसाला. माझा धंदा त्यांना कधीच पटला नव्हता. आईने आयुष्यभर डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकली आणि मी मासे विकते तेही न खाण्यासाठी, याचा त्यांना मेळ लागत नसे. "जो मासा कालवनात जात नाय, तो कसला मासा?" असं ते माझ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणालेत.

आम्ही चार दिवस खेळलो. चारही दिवस ते जिंकले. मला, खेळ ज्या बाईने केला तिला, राहवायचं नाही. बाजाराच्या घरात पाय पडला की मी मासा घ्यायचेच. ते मात्र फेरीमागून फेरी गप्प बसायचे, बटणं जमवायचे आणि शेवटी सावकाश टाकी भरायचे. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला बरोबर कळलाय खेळ."

"कललाय," ते म्हणाले. "पन तुजा खेल भिकार हाय."

माझा चेहरा पडला असणार, पण त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"बाय, आमी पावसात दोन मयने होरी वर काडतो. दर्या बंद. तवा काय नुसते बसतो काय? जाली शिवतो. होरीला रंग काडतो. दोऱ्या वलतो. इंजान खोलतो, परत लावतो. नारली पुनवेला नारल सोडला का मंग दर्यात. त्या दोन मयन्यांत जो काय करत नाय, त्याची होरी पुडं बुडते. तुज्या खेलात मानूस नुसता बसलाय. पोरं कंटालनार नाय तर काय?"

लहानपणी जून-जुलैत आमच्या अंगणात पसरलेली जाळी मी ओलांडून शाळेत जायचे. बंदीचे दिवस म्हणजे घरात सगळ्यात जास्त काम असलेले दिवस, हे मला पक्कं माहीत होतं आणि खेळ करताना एकदाही आठवलं नाही. मी थांबण्याला शिक्षा केली होती. त्यांच्यासाठी ती कामाची पाळी होती.

त्याच दुपारी आम्ही दोघांनी मिळून नियम बदलला. आता थांबणाऱ्याला कामाचं पान उचलायचं होतं. नळाचं पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडू द्या, बटण घ्या. फिल्टरचा स्पंज टाकीतल्याच पाण्यात हलका पिळा, बटण घ्या. रोप लावा. पाण्याचा वास घेऊन सांगा. एका पानावर बाबांनी सांगितलेलं काम होतं: एक मिनिट टाकीकडे बघत राहा आणि काय दिसलं ते बोला, दोन बटणं घ्या. "दर्याकडं बघायला पन शिकाय लागतं," ते म्हणाले. बाजाराच्या घरात पाय पडला की उचलायचीही पानं केली आणि त्यांत मी एक सोनेरी काठाचं पान सारलं. त्यावर झगमगत्या टाकीचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: दिवाळीची साफसफाई! मागच्या बाजूला बारीक अक्षरांत: सगळी बटणं परत. पुढच्या फेरीत सगळे मासे डबीत.

गणपती झाल्यावर शाळेतल्या टाकीत मी पाणी भरलं, फिल्टर चालू केला, दगड, लाकूड आणि शेवाळासारखी बारीक पानांची झाडं लावली. माझ्या दुकानातल्या जुन्या फिल्टरचा मळका स्पंजही आत ठेवला, म्हणजे थराला सुरुवात मिळेल. मासा मात्र एकही नाही. मुख्याध्यापिका येता-जाता बघायच्या. एकदा म्हणाल्या, "मासे नसलेलं मत्स्यालय पनवेलमध्ये फक्त आमच्याकडेच असेल." मी जीभ चावली. हे मला फार कमी वेळा जमलंय.

आणि शुक्रवारचा शेवटचा तास. दहा खेळ, चार-चारचे गट. पहिल्या दिवशी मी अपेक्षा केली होती तसाच कत्तलीचा दिवस झाला. मुलं मासे घेत सुटली. काळ्या डब्या भरल्या. "काकू, हा खेळ चीटिंग करतो," असं एकाने जाहीर केलं. मग मागच्या गटातल्या एका मुलीला सोनेरी पान मिळालं. ती बाकावर उभी राहून नाचली. तिच्या टाकीत सात मासे होते, वर्गात सगळ्यात जास्त. तिने पान उलटलं, वाचलं आणि खाली बसली. तिचे सात मासे डबीत जाताना सगळा वर्ग जागेवरून उठून बघत होता.

"पण साफ केलं ना मी?" ती रडवेली होऊन म्हणाली. "साफ केल्यावर का मरतात?"

पंधरा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी तिला उत्तर दिलं आणि चाळीस मुलं ते ऐकत होती, कारण आता ते त्यांच्या कामाचं होतं.

पुढच्या शुक्रवारी मुलांनी बटणांना नाव ठेवलं: चिकट्या. चिकट्या जमवणं हा वर्गातला मोठा मान झाला. तिसऱ्या आठवड्यात मधल्या सुट्टीत मुलं खऱ्या टाकीला नाक लावून चिकट्या शोधू लागली. लाकडावर पहिला तपकिरी डाग दिसला त्या दिवशी त्यांनी मला दुकानावर फोन करायला लावला, शाळेच्या ऑफिसमधून. मी फोनवर "हो का? खरंच?" असं ओरडले तेव्हा दुकानातलं गिऱ्हाईक दचकलं.

दसऱ्याच्या आसपास चार गप्पी मासे सोडले. मग चार मॉली. मग उरलेले. दिवाळीच्या सुट्टीला आठवडा होता तेव्हा टाकीत पुरते चौदा मासे होते आणि चौदाही धडधाकट.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मी बाबांना घेऊन शाळेत गेले. सुट्टीत घालायच्या खाण्याच्या पुड्या मावशींकडे द्यायच्या होत्या, एका दिवसाला एक, चिमूटभर. बाबांना मुलांनी बोलावलं होतं. थांबायचं काम ज्यांनी शोधलं ते आजोबा त्यांना बघायचे होते.

दारातून आत गेलो.

शाळेची साफसफाई चालली होती. जळमटं काढली जात होती, फरशा धुतल्या जात होत्या. संध्याकाळी संस्थेची मोठी माणसं येणार होती आणि मॅडमनी मावशींना सांगितलं होतं, सगळं लख्ख करा. मावशी जुन्या, शब्दाला शब्द पाळणाऱ्या. त्यांनी सगळं म्हणजे सगळं धरलं. स्टुलावर त्या उभ्या होत्या, एका हातात नळी, दुसऱ्या हातात घासणी, खाली साबणाच्या पाण्याची बादली. आणि त्यांच्या भोवती पाचवीचा वर्ग कडं करून उभा होता.

"मावशी, ते सोनेरी पान आहे!" बाकावर नाचलेली ती मुलगी ओरडत होती. "सोनेरी पान आहे ते! सगळे मरतील!"

"कसलं पान गं? बाजूला हो, साबण उडेल."

"चिकट्या मरतील मावशी! दगडांवरच्या! त्या खातात माशांची घाण!"

मी पुढे धावले. माझ्या जिभेवर काय काय आलं होतं ते लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात माझं मनगट कुणीतरी धरलं. बाबांचा हात म्हातारा झालाय, पण पकड अजून जाळं ओढणाऱ्याचीच आहे.

"गप ऱ्हा," ते म्हणाले. "जालं त्यांचं हाय. त्यांना वडू दे."

गोंगाट ऐकून मुख्याध्यापिका बाहेर आल्या. त्यांनी टाकी पाहिली. पुढच्या काचेवर हिरवट पापुद्रा आला होता, दगड तपकिरी, लाकूड मळकं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे पाहुण्यांना दाखवायचं का? मावशी, पुसून घ्या. मुलांनो, वर्गात."

एकही मूल हललं नाही. ज्या शाळेत मॅडमच्या चपलांचा आवाज आला की वऱ्हांडे गप्प होतात, त्या शाळेत चाळीस मुलं जागेवर उभी राहिली. मला त्यांच्यासाठी भीती वाटली आणि त्याहून जास्त अभिमान वाटला.

ती मुलगी पुढे झाली. "मॅडम, पुढची काच पुसा. कोऱ्या स्पंजने. साबण नको. मागची काच राहू द्या, दगडांना हात लावू नका. आणि पाणी बदलायचं असेल तर दोनच बादल्या, काल भरून ठेवलेल्या. आम्ही ठेवल्यात. जिन्याखाली."

मॅडमनी जिन्याखाली पाहिलं. खरंच दोन बादल्या होत्या, वर कागदाची चिठ्ठी: उघडं ठेवा, काम चालू आहे.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला करायला?"

"कोणी नाही. उद्यापासून सुट्टी आहे ना, म्हणून आम्हीच भरलं. नळाचं पाणी एक दिवस ठेवावं लागतं. नाहीतर चिकट्या जातात."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड घट्ट मिटून उभी होते, बाबांच्या मुठीत माझं मनगट. मग त्यांनी मावशींच्या हातातली घासणी घेतली, साबणाच्या बादलीत टाकली आणि म्हणाल्या, "मावशी, ही मुलं सांगतील तसं करा."

मुलांनी जो जल्लोष केला तो वरच्या मजल्यावरच्या वर्गांनी ऐकला. मावशी स्टुलावरून उतरल्या आणि त्या मुलीला विचारू लागल्या की मग मागची काच कधीच पुसायची नाही का. बाबांना मुलांनी ओढत वर्गात नेलं. तिथे ते बाकावर पुठ्ठ्यापुढे बसले आणि तीन मुलांना लागोपाठ हरवलं. मुलांनी पुन्हा खेळा म्हणून हट्ट धरला, तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले, "आता खेल बरा झालाय." इतकी मोठी शाबासकी त्यांनी मला दहावी पास झाले तेव्हाही दिली नव्हती.

सुट्टीत मी टाकीकडे गेले नाही. तसं मी ठरवलं होतं. मी रोज गेले असते तर ती माझी टाकी राहिली असती. त्या दिवाळीतही माझ्याकडे मेलेल्या माशांच्या पिशव्या आल्या, नेहमीसारख्याच, आणि प्रत्येक पिशवी हातात घेताना मला शाळेची टाकी दिसायची. एक मासा. एकच कमी भरला तरी संपलं.

शाळा उघडली त्या सकाळी मी पावणेसातलाच पोहोचले. वाटलं होतं, मी पहिली असेन. पाचवीचा अर्धा वर्ग माझ्या आधी आला होता. मावशी टाकीशेजारी पहारेकऱ्यासारख्या उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "ताई, रोज एकच पुडी घातली. भाऊबीजेला पण येऊन घालून गेले. आणि कुणाला हात लावू दिला नाय."

मग मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी चष्मा लावला, टाकीसमोर वाकल्या आणि पेनाचं टोपण काचेला लावून मोजायला लागल्या. मासे एका जागी कुठे थांबतात? सहा झाले की चौथा परत यायचा. "हा मोजला का मघाशी?" त्यांनी विचारलं. "नाही मॅडम, त्याची शेपटी निळी होती," मुलं म्हणाली. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. अकरा. बारा. तेरा. मग बराच वेळ काहीच नाही. लाकडाच्या मागून एक काळी मॉली सावकाश बाहेर आली, काही घाई नसल्यासारखी.

"चौदा," मॅडम म्हणाल्या.

मी रडले. सगळ्यांसमोर, पदराने डोळे पुसत, लाज न वाटता रडले. ज्या जागी जूनमध्ये मी सगळ्यांसमोर भांडले होते तिथेच. मुलं उड्या मारत होती, मावशी हसत होत्या. आणि त्या गदारोळात बारीक पानांच्या झाडाजवळ नाक लावून बसलेली ती मुलगी ओरडली, "मॅडम, इथे अजून आहेत!"

आम्ही सगळे वाकलो. पानांच्या गुंत्यात, तिळाहून जरा मोठी, डोळ्यांचे दोन काळे ठिपके असलेली पिल्लं होती. सुट्टीत जन्मलेली. एक दिसलं की दुसरं दिसायचं, दुसरं दिसलं की पहिलं हरवायचं. मॅडमनी टोपण पुन्हा काचेला लावलं. "पंधरा," त्या म्हणाल्या. "सोळा. अरे, हलवू नका कोणी. सतरा."

प्रार्थनेची वेळ झाली. शिपाई घंटेकडे हात नेऊन उभे राहिले. ही शाळा घंटेवर चालते. उशिरा आलेल्या मुलाला ऑफिसमधल्या वहीत स्वतःच्या हाताने कारण लिहावं लागतं आणि आजवर शिक्षकांचीही त्यातून सुटका झालेली नाही. मॅडमनी वळूनही पाहिलं नाही. नुसता हात वर केला आणि म्हणाल्या, "थांबा जरा. माझं मोजायचं राहिलंय."

त्या दिवशी प्रार्थना चौदा मिनिटं उशिरा झाली. ती संपल्यावर मुख्याध्यापिका ऑफिसमध्ये गेल्या, ती वही उघडली आणि आपल्या वळणदार अक्षरात कारण लिहिलं: मासे तेवीस भरले.